गया खवखवते, डाक्टरसाहेब

अमरावतीत माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे आणि आठवड्यातला एक दिवस मी अकोल्यात बसतो. दोन्हीकडे सर्वांत जास्त कानावर पडणारं वाक्य एकच: "गया खवखवते, डाक्टरसाहेब." पाठोपाठ दुसरं येतं, "काहीतरी अटकल्यावानी वाटते. गियलं तर उतरत नाही, थुकलं तर निंगत नाही." हे सांगता सांगता माणूस दोन-तीनदा खाकरतो. मग पिशवीतून जुन्या चिठ्ठ्या निघतात. त्यांत प्रतिजैविकं असतात, वेगवेगळ्या नावांची, पुन्हा पुन्हा लिहिलेली. खोकल्याची औषधं असतात, ॲलर्जीच्या आणि चघळायच्या गोळ्या असतात. ताप मात्र एकदाही आलेला नसतो. महिनोन्‌महिने खवखवणाऱ्या घशामागे सहसा जंतू नसतात. पण रुग्णाला औषध हवं असतं, बाहेर रांग असते, आणि विचारपूस करायला लागणारी दहा मिनिटं कुणाकडेच नसतात.

मी विचारतो, "रात्री किती वाजता जेवता?"

"नऊ-साडेनऊ. दुकान असलं का अकरा."

"आणि जेवल्यावर?"

"जेवलो का पडलो."

दुर्बीण हातात घेण्याआधी मला ही दोन उत्तरं हवी असतात. घशाच्या जुनाट तक्रारीचं मूळ आपल्याकडे कितीतरी वेळा ताटात नसून घड्याळात असतं, हे मी कामातून शिकलो, आणि रुग्णाला पटवायला सर्वांत अवघड तेच जातं.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. "मले ॲसिडिटी नाही. छातीत जयजय होत नाही, आंबट ढेकर येत नाही." हे खरं सांगणं असतं. जठरातला रस वर येऊन घशाला त्रास देतो अशा अनेक रुग्णांना छातीत जळजळ होतच नाही. १९९१ साली जेमी कॉफमन या अमेरिकन घसातज्ज्ञ डॉक्टरांनी याच विषयावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा त्रास छातीच्या जळजळीपासून वेगळा मानून तपासला जाऊ लागला. आपल्याकडच्या वैद्यांना मात्र या दोहोंची सांगड परकी नव्हती. माधवनिदानात अम्लपित्ताची लक्षणं सांगताना आंबट-कडू ढेकरांबरोबर हृदयाचा आणि कंठाचा दाह एकत्रच सांगितला आहे. अकोल्याच्या एका वैद्य मित्रानं तो श्लोक मला दाखवला, तेव्हापासून वयस्कर रुग्णांशी बोलताना मी त्याचा आधार घेतो. 'पित्त घशाशी आलं' म्हटलं की त्यांना पुढचं सांगावं लागत नाही.

तरुणांना यंत्रणा समजावून सांगावी लागते. जठरातला रस फार तीव्र, त्याचा पीएच १ ते २ च्या घरात. जठराच्या आत चिकट स्रावाचा जाड थर असतो, म्हणून जठर स्वतः भाजत नाही. त्याच्या वर साधारण २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका, आणि दोघांच्या सांध्यावर स्नायूचं एक कडं. घास उतरताना ते उघडतं आणि एरवी मिटलेलं राहतं. शेतकऱ्याला मी विहिरीतल्या फुटव्हॉल्व्हची आठवण करून देतो: मोटार बंद झाली तरी आलेलं पाणी माघारी जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. आपल्या पोटातलं कडं निरोगी माणसातही अधूनमधून क्षणभर सैल पडतं. पोट तट्ट भरून ताणलं की जास्त वेळा. बसलेलो किंवा उभे असलो तर रस आपल्या वजनानं खाली राहतो आणि जे थोडं वर येतं ते गिळलेली लाळ धुऊन नेते. आडवं झालं की उतार संपतो. झोपेत गिळणं कमी होतं, लाळही कमी सुटते. मग वर आलेलं तिथंच रेंगाळतं.

अन्ननलिकेच्या वरच्या टोकालाही एक कडं आहे, स्वरयंत्राच्या बरोबर मागे. ते ओलांडून थेंबभर रस किंवा नुसती वाफ आली तरी पुरते, कारण स्वरयंत्राचं अस्तर नाजूक आणि हा मारा सोसण्यासाठी ते घडलेलंच नाही. नुसतं आम्लच येतं असं नाही. त्याच्यासोबत पेप्सिन येतं, मांस-डाळीतली प्रथिनं पचवणारा पाचकरस. थिओडोर श्वान यांनी १८३६ साली तो शोधला. पेप्सिन घशाच्या पेशींत शिरून बसतं असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. आम्ल ओसरलं की ते निपचित होतं, पण नष्ट होत नाही. पुन्हा आंबटपणा मिळाला की जागं होतं. तो आंबटपणा खालूनच यायला हवा असं नाही. वरूनही येतो.

वरुड-मोर्शीकडचे संत्रा तोडणारे मजूर हिवाळ्यात येतात, तेव्हा हे मला हमखास आठवतं. सकाळी कोऱ्या चहावर बागेत जायचं, आणि दुपारच्या डब्यापर्यंत झाडाखाली पडलेली संत्री सोलून खायची. संत्र्याला मी नावं ठेवणार नाही. या जिल्ह्याची ती लक्ष्मी आहे. पण ज्याचा घसा आधीच सोलपटलेला आहे त्यानं उपाशीपोटी संत्री खाऊ नयेत, जेवणानंतर एखादं खावं आणि वर पाणी प्यावं. एवढ्यानं कितीतरी जणांचं खाकरणं उतरतं.

त्याहून वाईट गत वेचणीच्या बायांची. कापूस वेचताना कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात आणि तीत कापूस भरत जातात. बाराच्या सुमारास धुऱ्यावर बसून भाकर, ठेचा, कांदा खाल्ला की लगेच पुन्हा वाकायचं, ओटीचं ओझं थेट भरल्या पोटावर. कापसाची धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. या बाईला कोणी 'तिखट सोडा' सांगतो, कोणी 'तोंडाला फडकं बांधा' सांगतो. दुसरा सल्ला बरोबर आहे. पहिल्यापेक्षा मी तिला म्हणतो, "जेवल्यावर अर्धा घंटा उभ्यानं होणारं काम कर माय, आन्‌ ओटी पोटाच्या खाली, ढिली बांध." मुकादम ऐकेलच असं नाही. काही ठिकाणी बायाच आपसांत ठरवून जेवणानंतर आधी कापूस गोळा करून गाठोडी बांधायचं काम घेतात आणि वेचणीला नंतर लागतात. मला हा उपाय कुठल्याही पुस्तकात सापडला नसता.

धुळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षं उखडलेला होता. त्या काळात मूर्तिजापूरकडून येणारा प्रत्येक जण घशाचं खापर रस्त्यावर फोडायचा, आणि त्यात तथ्यही होतं. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनच्या हिशेबानं, ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला. घशाचे रुग्ण मात्र कमी झाले नाहीत. धुळीनं होणारा त्रास बहुधा शिंका, नाक गळणं, डोळे खाजणं घेऊन येतो. पोटातून येणारा सकाळी उठल्यावर जाड आवाज, जेवल्यानंतरचा खोकला, सतत खाकरणं आणि अडकल्याची भावना घेऊन येतो. वेगळे करायचा प्रयत्न करावा लागतो, नेहमी जमतं असं नाही. एकाच घशात दोन्ही असू शकतात.

वेगळं करण्यासाठी एक प्रश्नावली वापरतात. २००२ साली प्रसिद्ध झालेली, नऊ प्रश्नांची. प्रत्येकाला ० ते ५ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४५, आणि १३ च्या वर गेलं तर रसाच्या उलट्या वाटेचा संशय घ्यायचा. मी ते प्रश्न वऱ्हाडीतून विचारतो, कारण रुग्ण मग हात राखून उत्तर देत नाही. पण त्या बेरजेवर मी निदान करत नाही. सर्दीनं नाकातला शेंबूड मागे घशात उतरत असेल, तरी हेच गुण पडतात. ती बेरीज मला पुढच्या खेपेला उपयोगी पडते, बरं वाटलं की नाही हे मोजायला.

निदान करायचं तर घसा पाहावा लागतो. आणि इथं माझा आवाज थोडा चढतो, कारण हा मुद्दा जिवाचा आहे.

स्वरयंत्र जिवंत माणसात डोळ्यांनी पाहण्याची पद्धत एका गाणं शिकवणाऱ्यानं रूढ केली. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यानं दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं उन्हाची तिरीप आत सोडली आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. आज माझ्याकडे नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण आहे, पडद्यावर सगळं मोठं दिसतं, रुग्णही पाहतो. एवढी सोय असताना आवाज बसलेल्या माणसाला न पाहता महिनोन्‌महिने पित्ताच्या कॅप्सूल देत राहणं मला मान्य नाही. विदर्भात तर मुळीच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा गल्लीगल्लीत पन्नीवर घोटला जातो: सुपारी, चुना, तंबाखू. बिडी वेगळी. तंबाखूतलं निकोटिन ते खालचं कडं सैल करतं, म्हणजे खर्रा खाणाऱ्याला रस वर येण्याचा त्रास खरोखरच असू शकतो. आणि त्याच घशात गाठही असू शकते. एका कारणाआड दुसरं लपतं.

माझ्याकडे येणाऱ्या खर्ऱ्याच्या शौकिनांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत. सुपारीनं गालाच्या आतल्या त्वचेचे दोर होतात, जबडा उघडत नाही. साधा आरसा घालणं अशक्य. त्यांच्यासाठी नाकातली दुर्बीण हाच मार्ग. एका बिडी ओढणाऱ्या गृहस्थांना दुसरीकडून बराच काळ पित्ताची औषधं चालू होती, आवाज घोगरा होता. दुर्बिणीत एका स्वरतंतूवर पांढरट खरबरीत उंचवटा दिसला, तुकडा तपासला, कर्करोग निघाला. आजार लवकरच्या पायरीवर होता. किरणोपचार झाले आणि ते आज स्वतःच्या आवाजात बोलतात. स्वरतंतूचा कर्करोग आवाज बदलून लवकर सूचना देतो, ती सूचना ऐकली पाहिजे. तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, घास अडकणं, थुंकीत रक्त, मानेत गाठ, विनाकारण उतरलेलं वजन, घशाच्या एकाच बाजूला टोचणं आणि त्याच बाजूचा कान दुखणं: यांतलं काहीही असेल तर आधी दुर्बीण, मग औषध. अडकल्याची भावना एकटीच असेल, जेवताना घास सुरळीत उतरत असेल आणि थुंकी गिळतानाच ती जाणवत असेल, तर बहुधा भीतीचं कारण नसतं. तरी पाहून सांगितलेलं आणि न पाहता सांगितलेलं यात रुग्णाच्या झोपेचा फरक पडतो. पडद्यावर आपला स्वच्छ घसा पाहिल्यावर अर्धी तक्रार तिथंच सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुर्बिणीतही नम्र राहावं लागतं. रस वर येणाऱ्यांच्या स्वरयंत्राचा मागचा भाग लालसर, सुजलेला दिसतो. पण तसा तो काही निरोगी माणसांतही दिसतो, शिक्षकांत आणि भजन गाणाऱ्यांत तर नुसत्या बोलण्या-गाण्यानंही. लाली दिसली म्हणजे पित्त सिद्ध झालं, असं नाही.

गाणाऱ्या-बोलणाऱ्यांचं वऱ्हाडात काय सांगावं! गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा महोत्सव दिवाळीच्या सुमारास असतो. खंजिरी भजनांची मंडळं गावोगावहून येतात. गाडगेबाबांच्या कीर्तनाची परंपरा या मातीतली. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला आणतात. रात्रभर चालणं आणि रात्रभर 'हर्र बोला महादेव'. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या अकोल्याच्या खोलीत बसलेले आवाज रांगेनं येतात. त्यांतल्या बहुतेकांना मौन, पाणी आणि वाफ एवढंच लागतं. भक्तीचा घोष थांबवायला मी सांगणार नाही. दोन दिवस गप्प राहायला सांगतो.

कीर्तनकार आणि भजनी यांचा प्रश्न निराळा आहे. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे दोनशेच्या आसपास. खाकरताना तेच तंतू जोरात घासले जातात, सूज वाढते, सूज वाढली की पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्यात यांची दिनचर्या: गाण्याआधी पोट जड नको म्हणून उपाशी, कार्यक्रम संपतो बारा-एकला, मग यजमानाघरी पंगत. वांग्याची भाजी, रोडगे, वरण, वर तूप. आग्रह असतो, भूक असते, मन तृप्त असतं. आणि पहाटे पुढच्या गावी निघायचं म्हणून लगेच अंथरूण. तिवसा तालुक्यातल्या एका भजनीबुवांना मी गाण्याच्या तीन तास आधी पोटभर जेवायला आणि नंतर यजमानाकडे फक्त दूध-पोहे किंवा भाताची पेज मागायला सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, पंगतीत नाही म्हटलं तर घरची माय रडते." ही अडचण खरी आहे. मग आम्ही यजमानालाच डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायचं ठरवलं. माझ्या दवाखान्याच्या कागदावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: बुवांना रात्री दहानंतर जड जेवण मना आहे. तो कागद त्यांनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. काही महिन्यांत वरचा स्वर पुन्हा लागायला लागला, खाकरणंही सुटलं. त्यांनी खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायची सवय लावली, हेही त्यात होतं.

आता गोळ्या. ओमेप्राझोल १९८८ च्या सुमारास बाजारात आलं आणि जठराच्या व्रणांवरचे उपचार पार बदलले. छातीच्या जळजळीवर त्याच्या कुळातली औषधं आजही उत्तम आहेत. पण घशाचं तसं नाही. २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. घशाची जुनाट तक्रार असलेल्या ३४६ जणांना दोन गटांत वाटलं, एका गटाला १६ आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधहीन कॅप्सूल. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि जवळजवळ सारखंच. खऱ्या औषधानं जास्तीचं काही दिलं नाही. हा निष्कर्ष वाचल्यावर मी नुसत्या घशाच्या खवखवीला सरसकट कॅप्सूल लिहिणं सोडलं. छातीत जळजळ सोबत असेल तर देतो, मुदत ठरवून देतो, आणि बंद करताना हळूहळू कमी करायला लावतो, कारण एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं भागत नाही. वर्षानुवर्षं घेतली तर ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते.

घेण्याची वेळही चुकते. ही औषधं जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण अन्न आलं की जठरातले आम्ल बनवणारे पंप चालू होतात आणि चालू पंपच औषधानं बंद पडतो. आपल्याकडे लोक सकाळी चहाबरोबर कॅप्सूल गिळतात आणि अकराला जेवतात. रात्री झोपताना घेणारे तर पुष्कळ. त्यापेक्षा जेवणानंतर घ्यायचं अल्जिनेटचं पातळ औषध काहींना जास्त मानवतं. समुद्री शेवाळापासून काढलेला तो पदार्थ जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरतो आणि वर येणाऱ्याला अडवतो. थंड दूध क्षणभर बरं वाटवतं, पण दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमनं थोड्या वेळात आम्ल पुन्हा वाढतं. खायचा सोडा रोज फाकणाऱ्या रक्तदाबाच्या माणसाला तर मी हात जोडतो. त्यात सोडियम भरपूर असतं.

रक्तदाबावरून आठवलं. चिठ्ठ्यांच्या पिशवीत मी आता सर्वांत आधी रक्तदाबाची गोळी शोधतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात गुदगुल्या झाल्यासारखा खोकला लागतो. अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका घशाच्या खोकल्यासाठी खूप हिंडल्या होत्या. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. पोटाचा, पथ्याचा काही संबंधच नव्हता. गोळी स्वतःच्या मनानं थांबवायची नाही, हे मात्र मी ठासून सांगतो. पेरणी-निंदणीच्या दिवसांत पाठीसाठी उपाशीपोटी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या जठराचं काय करतात, तेही त्याच वेळी सांगून घेतो. आणि एक इशारा दुसऱ्या बाजूचा: छातीत आग, डाव्या हातात कळ, घाम, चालताना वाढणारं दुखणं असेल तर 'पित्त झालं' म्हणून थांबायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं.

खाण्याविषयी सगळ्यांना माझ्याकडून यादी हवी असते, आणि मी लांब यादी देत नाही. ठेचा, झुणका, पाटवडीचा तर्रीदार रस्सा, अमरावतीचा गिला वडा हे सगळं बंद करा असं सांगितलं, तर माणूस चार दिवस पाळतो आणि पाचव्या दिवशी सगळंच सोडतो. तिखटापेक्षा तेलकट जास्त नडतं, कारण स्निग्ध अन्न जठरात उशिरापर्यंत राहतं. तिखट दुपारी खा, दिवस पुढे असतो. रात्री ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, आणि पोटात थोडी जागा. हे आपल्या घरचंच जेवण आहे. उपवासालाही जपावं लागतं: दिवसभर चहा आणि संध्याकाळी साबुदाणा, शेंगदाणे, तळण यानं एकादशी घशाला कठीण जाते. रमजानमध्ये अकोल्याचे माझे रुग्ण सहरी करून पुन्हा लवंडतात आणि सकाळी घसा धरून उठतात. त्यांना मी सहरी थोडी हलकी ठेवायला आणि फजरच्या नमाजनंतर लगेच न निजता बसून राहायला सांगतो. ज्यांना निजणं भागच आहे त्यांनी उशाकडची बाजू उंच करावी.

ही उंची उशा वाढवून येत नाही. उशांनी मान आणि कंबर मोडते, पोट दाबलं जातं आणि रस उलट वर ढकलला जातो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून सहा ते आठ इंच उचल द्यायची. गावाकडची बाज असेल तर आधी तिची सुतळी ताणून घ्यायची, मध्ये झोळ राहिला तर विटांचा उपयोग नाही. डाव्या कुशीवर निजलं तर जठराची ठेवण अशी आहे की रस कड्याच्या खाली राहतो. पोटाचा घेर कमी झाला तर याहून जास्त फायदा होतो, पण त्याला महिने लागतात. विटा आज रात्री ठेवता येतात.

तरी काही जणांना यांतलं काहीच जमत नाही, आणि तो दोष त्यांचा नसतो. अचलपूरकडचा एक शेतकरी बरेच दिवस माझ्याकडे येतो आहे. अंगानं सडपातळ, खर्रा नाही, बिडी नाही. हरभरा, गहू आणि थोडी संत्रा. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हा आठला घरी जेवणार, लगेच थोडं पडणार, मग लाइन आली की उठून शेतात, कडाक्याच्या थंडीत ओलित, सोबत थर्मासमधला चहा. पहाटे परत आला की उरलेली भाकर-भाजी खाऊन पुन्हा अंथरुणात. म्हणजे एका रात्रीत दोनदा भरल्या पोटी आडवं होणं. त्याला 'जेवल्यावर तीन तास झोपू नका' सांगणं म्हणजे ओलित करू नको सांगणं.

आम्ही दोघांनी बसून त्याचं वेळापत्रक मांडलं. रात्रीच्या पाळीत मुख्य जेवण संध्याकाळी सहाला, दिवेलागणीच्या आधी. शेतात डब्याऐवजी फुटाणे-मुरमुरे आणि चहाच्या जागी गरम पाणी. पहाटे आल्यावर जेवायचं नाही, फार भूक असेल तर ज्वारीची आंबील नको, ती आंबट. साधी पातळ पेज, आणि बाजेखाली विटा. त्याच्या बायकोनं हे सगळं माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवलं. ती म्हणाली, "सहाले जेवण मी देतो, तुमी फक्त यायले सांगा." दिवसाच्या पाळीच्या दिवसांत आता त्याला खाकरावं लागत नाही. रात्रीच्या पाळीत घसा अजून धरतो, छातीतही जळतं, म्हणून कॅप्सूल फक्त त्या दिवसांपुरती ठेवली आहे, संध्याकाळी साडेपाचला. यंदा त्यानं सौरपंपासाठी अर्ज केला आहे. दिवसा ओलित होऊ लागलं तर ती कॅप्सूलही सुटते का, ते हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी कळेल.